ड्रोनच्या व्हिडिओवरून विजेच्या मोटारींचा कारखाना कसा वाचायचा

हिंगणघाटच्या जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागली की शहरातून आलेला पाहुणा म्हणतो, "यंदा माल जोरात आहे." गावातला माणूस आधी विचारतो, "काटा चालू हाय का?" कारण रांग लांबायला माल जास्त असणं हे एकच कारण नसतं. काटा बंद पडला, ग्रेडर आला नाही, आत ढीग लावायला जागा उरली नाही, उद्यापासून खरेदी बंद अशी आवई उठली, तरी रांग तेवढीच लांबते. आकाशातून मोटारींचा कारखाना पाहताना हाच प्रश्न सोबत ठेवायचा. बाकीचं तंत्र आहे, ते सवयीने जमतं.

अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन शहराबाहेर विजेच्या मोटारी बनवणाऱ्या टेस्ला कंपनीचा मोठा कारखाना आहे. जुलै २०२० मध्ये तो जाहीर झाला आणि बांधकाम सुरू झाल्यापासून हौशी ड्रोनवाले त्याच्यावरून उडून व्हिडिओ टाकत आलेत. जर्मनीतल्या ग्रुनहाइडे आणि चीनमधल्या शांघायच्या कारखान्यांचेही असे व्हिडिओ सापडतात. हे सगळं फुकट आहे, त्याला भाषा लागत नाही, आणि आयटीआय किंवा डिप्लोमा करून चाकणला जाऊ पाहणाऱ्या पोरापोरींना मोटारींचा कारखाना मुळात कसा रचलेला असतो ते यातून फार चांगलं कळतं. डिमॅट खातं उघडून बसलेल्यांना वेगळा फायदा आहे. "टेस्लाचं आवार गाड्यांनी तुंबलंय, शेअर पडणार" असा फॉरवर्ड आला की त्यात किती दम आहे हे स्वतः तपासता येतं. मी इथे टेक्सासचाच कारखाना धरून चालतो, कारण त्याचे व्हिडिओ सर्वांत नियमित येतात.

आधी डेटाचा हिशेब

गावात पहिली अडचण हीच. ४के व्हिडिओ वीस मिनिटं पाहिला तर दिवसाचा दीड-दोन जीबीचा पॅक तिथेच संपतो. आणि कमी दर्जावर पाहावं तर गाड्या मोजता येत नाहीत. हिशेब साधा आहे. ड्रोन १२० मीटरवरून सरळ खाली पाहत असेल, तर ४के चित्रात पावणेपाच मीटर लांबीची मॉडेल वाय ही टेस्लाची मोटार साधारण शंभर पिक्सेल (चित्राचे ठिपके) लांब दिसते. तीच गाडी तिरक्या नजरेने पाचशे मीटरवरून टिपली तर वीस-पंचवीस पिक्सेल. आणि ४८०पी वर, त्याच अंतरावरून, जेमतेम पाच. पाच पिक्सेलमध्ये गाडी कुठली आणि पत्र्याचा डबा कुठला, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

म्हणून दोन फेऱ्यांत पाहायचं. पहिल्या फेरीत अख्खा व्हिडिओ ४८०पी वर, दुप्पट वेगाने. कोणत्या मिनिटाला कोणती जागा दिसते एवढंच वहीत टिपायचं: "३:४० तयार गाड्यांचं आवार, ७:१५ कामगारांची पार्किंग, ११:०० दक्षिण टोक." मग दुसऱ्या फेरीत फक्त तेवढेच तुकडे सर्वांत वरच्या दर्जावर. तालुक्याच्या अभ्यासिकेत वायफाय असेल तर ही दुसरी फेरी तिथे उरकावी. संगणकावर यूट्यूब थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळा दाबल्या की चित्र एकेक फ्रेम मागे-पुढे सरकतं. ही सोय मोबाइलवर नाही, आणि मोजणीसाठी ती फार उपयोगी पडते. जुना लॅपटॉपही चालतो.

व्हिडिओच्या आधी नकाशा

थेट व्हिडिओला हात घालू नका. आधी गूगल अर्थ उघडा, कारखाना शोधा आणि कागदावर हाताने आराखडा काढा. कोलोरॅडो नदीचं वळण, एसएच १३० हा टोल रस्ता, मुख्य इमारत, तळी, आवारं. (ही टेक्सासची कोलोरॅडो. ग्रँड कॅन्यन कोरणारी नदी वेगळी, नाव तेवढं सारखं.) जागा सुमारे अडीच हजार एकर आहे आणि तिथे पूर्वी वाळू-गिट्टीची खाण होती. व्हिडिओत मधूनच खड्डे नि पाण्याची डबकी दिसतात त्याचं नवल वाटून घेऊ नये. मुख्य इमारत किलोमीटरभरापेक्षा लांब आहे, त्यामुळे ड्रोन एका बाजूने उडत असेल तर दुसरी बाजू दिसतच नाही. व्हिडिओत जे दिसलं नाही ते तिथे नाही, असं समजू नका.

दिशा ओळखायला सावली वापरा. आपल्याकडे नागपूरच्या पट्ट्यात मे अखेरीस आणि पुन्हा जुलैत सूर्य डोक्यावर येतो, शून्य सावली दिवस शाळेतून दाखवतात. ऑस्टिन कर्कवृत्ताच्या बऱ्याच उत्तरेला, तीस अंशांवर आहे. तिथे सूर्य कधीच बरोबर डोक्यावर येत नाही, म्हणून माध्यान्हीची सावली बाराही महिने उत्तरेला पडते. डिसेंबरात दहा मीटरच्या खांबाची दुपारची सावली साडेतेरा मीटरच्या आसपास असते, तर नागपूरला त्याच दिवशी साधारण खांबाइतकीच. एवढ्यावर इमारतीची उंचीही अंदाजता येते: दुपारचं चित्र निवडा, ओळखीच्या वस्तूने मोजपट्टी बांधा, सावली मोजा. मोजपट्टीला सर्वांत सोयीचा अमेरिकी ट्रकचा ५३ फुटी डबा, म्हणजे सोळा मीटरला थोडा वर. बंदराचा मोठा कंटेनर ४० फुटी, बारा मीटर. मॉडेल वाय ४.७५ मीटर, टेस्लाचाच सायबरट्रक हा पिकअप सुमारे ५.७ मीटर.

वेळ जुळवताना घोळ होतो, तेव्हा हे लिहून ठेवा. उन्हाळ्यात ऑस्टिन आपल्या साडेदहा तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेअकरा, कारण तिकडे मार्चमध्ये घड्याळ पुढे ढकलतात आणि नोव्हेंबरात मागे घेतात. आपल्याला सोमवारी सकाळी दिसलेला व्हिडिओ तिथल्या रविवारचा असू शकतो. रविवारची रिकामी पार्किंग पाहून "काम बंद पडलं" म्हणणारे बरेच भेटतात.

छप्पर आणि आवार ओळखणं

मोटार बनते त्याचा क्रम चाकणला काम केलेल्या कोणालाही विचारा, तोंडपाठ असतो: प्रेस शॉप (पत्र्याला आकार देणं), बॉडी शॉप (सांगाडा जोडणं), पेंट शॉप (रंगकाम), असेंब्ली (सुटे भाग बसवणं), तपासणी, मग आवार. टेस्लाच्या बाबतीत सुरुवातीला कास्टिंगची, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतण्याची, भर पडते. गाडीच्या सांगाड्याचे मोठे भाग ॲल्युमिनियमचे एकसंध ओतले जातात. त्यासाठीची यंत्रं इटलीच्या इद्रा कंपनीची आहेत, सायबरट्रकसाठीचं तर नऊ हजार टन दाबाचं. कास्टिंगची बाजू ओळखण्याची खूण म्हणजे बाहेर रॅकवर रचलेले करड्या रंगाचे सांगाडे आणि वितळवण्यासाठी परत जाणाऱ्या भंगाराच्या पेट्या. पेट्या भरभरून दिसल्या तर बाद मालाचं प्रमाण वाढलंय अशी शंका घेता येते, पण शंकाच. भंगार उचलणारा ट्रक दोन दिवस आला नसेल तरी तेच दिसतं.

पेंट शॉप छपरावरूनच कळतं, कारण रंगकामाला प्रचंड हवा आत घ्यावी आणि बाहेर सोडावी लागते. डक्ट, धुराडी, हवेची यंत्रं यांची गर्दी जिथे, तिथे खाली बहुधा रंगकाम. इथे एक गंमत आहे. सायबरट्रकची बॉडी स्टेनलेस स्टीलची असते, ती रंगवत नाहीत. म्हणजे पेंट शॉपच्या छपरावर कितीही हालचाल असली, तरी सायबरट्रकच्या उत्पादनाबद्दल ती काहीच सांगत नाही.

दक्षिण टोकाला छपरावर आणि बाजूला अजस्र पंखे दिसतात. नवखा पाहणारा म्हणतो, कारखाना किती जोरात चाललाय! ते पंखे संगणकांच्या दालनासाठी आहेत. २०२४ मध्ये तिथे कंपनीने कॉर्टेक्स नावाचं डेटा सेंटर उभं केलं. पंखे फिरताहेत याचा अर्थ संगणक तापताहेत, गाड्या बनताहेत असा नाही.

धुराचंही तेच. चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या मनोऱ्यांवरची वाफ डिसेंबरच्या सकाळी आभाळभर पसरते आणि मे महिन्याच्या दुपारी शोधावी लागते, पण वीज दोन्ही वेळा तयार होत असते. थंड हवेत वाफ दिसते, उष्ण हवेत विरून जाते. वाफेवरून उत्पादन ठरवणं सोडून द्या.

ट्रक लागण्याचे दरवाजे मात्र मोजण्यासारखे. एका बाजूचे किती दरवाजे व्यापलेले आहेत, ट्रक डबा सोडून गेलाय की पुढचं इंजिनही जोडलेलं आहे, हे स्पष्ट दिसतं. रोज एकाच वेळेचे व्हिडिओ मिळाले तर सुट्या भागांची आवक वाढतेय की थंडावतेय, याचा हा सर्वांत प्रामाणिक निर्देशक आहे असं माझं मत आहे. त्याकडे फारसं कोणी पाहत नाही. सगळ्यांचं लक्ष चकचकीत गाड्यांकडे.

मोजणी

चित्र असं निवडा की ड्रोन शक्य तितका सरळ खाली पाहत असेल. तिरक्या चित्रात मागच्या ओळी एकमेकींवर चढतात आणि संख्या हमखास कमी भरते. एक चित्र पुरत नसेल तर दोन-तीन घ्या, पण त्यांची सीमा दिव्याच्या खांबाने किंवा जमिनीवरच्या रंगवलेल्या पट्ट्याने ठरवा, नाहीतर मधली ओळ दोनदा मोजली जाते.

मोजायला डॉटडॉटगूज नावाचा फुकट प्रोग्राम आहे. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीने तो प्राणी-पक्षी मोजण्यासाठी बनवला, पण गाड्यांना तेवढाच लागू पडतो. चित्रावर टिचकी मारली की ठिपका उमटतो आणि आकडा पुढे सरकतो. मॉडेल वायला एक रंग, सायबरट्रकला दुसरा. मोबाइलच असेल तर स्क्रीनशॉटवर बोटाने ठिपके द्या, तेही चालतं. ओळी गुणिले गाड्या हा झटपट मार्ग वापरायचा तर रिकाम्या जागा वजा करायला विसरू नका.

शक्यतो दोघांनी वेगवेगळं मोजावं आणि मगच आकडे एकमेकांना सांगावेत. शंभरात पाचाहून जास्त फरक पडला तर पुन्हा मोजावं. वहीत एकच आकडा लिहू नका, "२,३०० ते २,४५०" असं लिहा. १,८७६ असा नेमका आकडा छातीठोकपणे सांगणारा माणूस एकतर फार कष्टाळू असतो किंवा थापाड्या.

साठा आणि ओघ

सगळी मेख इथे आहे. आवारात दिसतो तो साठा. आपल्याला हवा असतो ओघ, म्हणजे रोज किती गाड्या बनतात आणि किती बाहेर पडतात. या दोहोंना जोडणारं सूत्र सोपं आहे: साठा म्हणजे रोज येणाऱ्या गाड्या गुणिले एक गाडी थांबते ते दिवस. जॉन लिटल या अमेरिकी प्राध्यापकाने १९६१ मध्ये याची गणिती सिद्धता दिली, म्हणून त्याला लिटलचा नियम म्हणतात.

टेस्ला आपल्या तिमाही कागदपत्रांत टेक्सासची क्षमता सांगत आलीय: मॉडेल वाय वर्षाला अडीच लाखांवर, सायबरट्रक सव्वा लाखावर. वर्षात तीनशे दिवस काम धरलं तर पूर्ण क्षमतेने दिवसाला १,२५० गाड्या. आता आवारात अडीच हजार गाड्या दिसल्या समजा. रोज १,२५० बनून प्रत्येक गाडी दोन दिवसांत निघून जात असेल तर अडीच हजार. रोज फक्त ५०० बनून प्रत्येक पाच दिवस पडून राहत असेल, तरीही अडीच हजारच. चित्र एकसारखं, पण पहिल्यात धंदा तेजीत आणि दुसऱ्यात मंदीत. एका व्हिडिओवरून यातलं काय खरं ते कोणालाही सांगता येणार नाही. क्षमता हा शब्दही जपून वापरा, तेवढ्या गाड्या बनतातच असं नाही.

मग थांबण्याचे दिवस कसे काढायचे? त्याला एक नामी युक्ती आहे: रंगांची ओळ. एखाद्या ठळक खांबाजवळची ओळ निवडा आणि रंग क्रमाने लिहा: पांढरी, पांढरी, करडी, लाल, काळी, पांढरी, निळी. दुसऱ्या दिवशीच्या व्हिडिओत तीच ओळ पाहा. क्रम तोच असेल तर त्या गाड्या हललेल्या नाहीत. पूर्ण बदलला असेल तर आवार एका दिवसात पालटतंय. पाच-सहा ओळी अशा लावून धरल्या की साधारण किती भाग रोज बदलतो ते कळतं, आणि साठ्याला त्या प्रमाणाने गुणलं की ओघाचा अंदाज येतो. एका दिवसात आवाराचा चाळीस टक्के भाग बदलला आणि साठा अडीच हजार असेल, तर रोज हजाराच्या आसपास गाड्या निघताहेत. सायबरट्रकला ही युक्ती चालत नाही, तिथे सगळ्याच स्टीलच्या रंगाच्या. त्यांच्यासाठी आवरण चढवलेली एखादी गाडी किंवा मधली रिकामी जागा खूण म्हणून धरावी.

दुसरा मार्ग ट्रेलर मोजण्याचा. अमेरिकेत एका मोठ्या ट्रेलरवर आठ-नऊ मोटारी चढतात. वीस मिनिटांच्या व्हिडिओत भरून निघालेले ट्रेलर मोजले तर तासाचा वेग काढता येतो, पण नमुना फार छोटा. हा आकडा रंगांच्या ओळीवरून आलेल्या अंदाजाशी ताडून पाहण्यापुरताच.

साठा नि ओघ यांत गल्लत केली की काय होतं, त्याचं चांगलं उदाहरण २०२४ ची पहिली तिमाही. त्या तीन महिन्यांत टेस्लाने जगभरात ४,३३,३७१ गाड्या बनवल्या आणि ३,८६,८१० ग्राहकांना दिल्या. सेहेचाळीस हजारांवर गाड्या उरल्या, त्या कुठेतरी उभ्या राहणारच. पण आधीच्या तिमाहीत उत्पादन ४,९४,९८९ होतं. म्हणजे उत्पादन घटत असताना साठा वाढत होता. भरलेलं आवार पाहून "कारखाना जोरात" म्हणणारा उलट्या दिशेला गेला असता. २०२५ च्या तिसऱ्या तिमाहीत चित्र फिरलं. अमेरिकेत विजेच्या गाडीवरची ७,५०० डॉलरची करसवलत ३० सप्टेंबरला संपणार होती, लोकांनी घाई केली. ४,४७,४५० बनल्या आणि ४,९७,०९९ गेल्या. असा जुना माल उचलला जातो तेव्हा आवारं रिकामी होतात, आणि तो विक्रमी विक्रीचा काळ असू शकतो.

कारण कुठे दुसरीकडेच असतं

जर्मनीतला कारखाना २९ जानेवारी ते ११ फेब्रुवारी २०२४ बहुतांश बंद होता, कारण तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून येत होती आणि सुटे भाग वेळेवर पोचले नाहीत. लगेच मार्चच्या सुरुवातीला कोणीतरी जवळचा विजेचा मनोरा पेटवला आणि काम पुन्हा थांबलं. २०२५ च्या पहिल्या तिमाहीत नवी मॉडेल वाय आणण्यासाठी ती गाडी बनवणाऱ्या टेस्लाच्या चारही कारखान्यांच्या लाइन बदलायच्या होत्या, तेव्हाही उत्पादन खाली आलं. यातलं एकही कारण ड्रोनला दिसत नाही. म्हणून व्हिडिओच्या तारखेजवळच्या बातम्या चाळायच्या आणि मगच वहीत "का" हा रकाना भरायचा. कारण सापडलं नाही तर रकाना कोरा ठेवायचा.

तिमाहीची अखेरही लक्षात ठेवा: मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर. या महिन्यांच्या शेवटी गाड्या ग्राहकांकडे पोचवण्याची घाई असते. त्यामुळे १५ फेब्रुवारीच्या आवाराची तुलना ३० मार्चशी करू नये, १५ मेशी करावी. कंपनी आपले आकडे साधारण पुढच्या महिन्याच्या दोन तारखेच्या आसपास देते. पण कारखान्यागणिक देत नाही, आणि सायबरट्रकचा आकडा "इतर मॉडेल्स" मध्ये मिसळलेला असतो. एकट्या टेक्सासचा आपला अंदाज बरोबर निघाला की नाही, हे त्यातून थेट तपासता येत नाही. दिशा तेवढी ताडता येते.

बांधकामाची बाब वेगळी. तिथे उपग्रहाची साथ घ्या. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं साधारण पाच दिवसांनी नवी मिळतात, कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर फुकट. त्यात दहा मीटरचा एक ठिपका, म्हणजे गाड्या मोजणं अशक्य. पण माती कधी उकरली, छप्पर कधी चढलं, याच्या तारखा पक्क्या होतात. ड्रोनवाल्याने जुना व्हिडिओ नव्या नावाने टाकला असेल तर तोही असा पकडता येतो.

आपला ड्रोन घरीच ठेवा

हे वाचून कोणाला वाटेल, लग्नाच्या शूटिंगचा ड्रोन गावात आहेच, बुटीबोरीवरून एक चक्कर मारू. नको. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे नकाशावर हिरव्या दाखवलेल्या क्षेत्रात १२० मीटरपर्यंत परवानगीशिवाय उडवता येतं, पण आधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा तो नकाशा पाहावा लागतो. ड्रोनला ओळख क्रमांक लागतो, आणि अडीचशे ग्रॅमच्या वरचा ड्रोन पैसे घेऊन उडवायचा तर पायलटचं प्रमाणपत्रही. नियम मोडल्यास लाखापर्यंत दंड. विदर्भात तर आणखी जपावं लागतं: पुलगावचं दारूगोळा भांडार, अंबाझरी, भद्रावती आणि जवाहरनगरच्या आयुध निर्माणी, शिवाय नागपूरचा विमानतळ. यांच्या आसपास ड्रोन पेटीतून बाहेरही काढू नये. फवारणीचा ड्रोन असेल तर तो तुरीवर नि कपाशीवरच बरा.

सरावाला उपग्रहाचं चित्र पुरेसं आहे. हिंगण्याचा महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना किंवा भंडाऱ्याजवळ गडेगावचा अशोक लेलँडचा कारखाना गूगल अर्थवर उघडा. गेट कुठे, माल उतरवण्याची बाजू कुठली, तयार माल उभा करण्याची जागा कोणती, छपरावर हवेची यंत्रं कुठे दाटलीत, हे ओळखा. मग तिथे काम केलेल्या ओळखीच्या माणसाला चहाला बोलवा आणि आपलं उत्तर तपासून घ्या. ते जमलं की टेक्सासकडे वळा.

वहीचं पान मी असं आखतो: व्हिडिओची तारीख नि तिथला वार, सावलीवरून ठरवलेली वेळ, हवामान, आवारातल्या गाड्या (किमान-कमाल), पाच ओळींचे रंग, व्यापलेले दरवाजे, भरून निघालेले ट्रेलर, कामगारांच्या पार्किंगचा किती भाग भरलेला, दिसलं नाही ते काय, आणि शेवटी कारण. निष्कर्षाचा रकाना पहिल्या महिनाभर ठेवूच नका. चार आठवड्यांची पानं शेजारी-शेजारी मांडली की कोणता आकडा खरोखर हलतोय आणि कोणता नुसता हवामानाने किंवा रविवारमुळे वर-खाली होतोय, ते आपोआप वेगळं दिसायला लागतं.